थेट मोबाईलशी बोलणारा उपग्रह : किनाऱ्यावरील व्यावसायिकांनी काय समजून घ्यावे?

श्रीवर्धनच्या जीवना बंदरातून किंवा मुरुडहून बोट खोल पाण्यात निघाली की मोबाईलवरील रेषा एकेक करून कमी होतात आणि शेवटी फोनचे नुसते घड्याळ उरते. इंजिन बंद पडले, वादळाचा इशारा आला किंवा कोणत्या बंदरावर मासळीला भाव बरा आहे हे विचारायचे झाले, तरी किनाऱ्याशी बोलता येत नाही. हातातला साधा मोबाईल आता थेट उपग्रहाला लागणार, अशा बातम्या येत आहेत. त्यात आपल्या कामाचे किती, हे आजच्या पाठात पाहू.

अडचण कोठे आहे?

साधा मोबाईल फार तर 0.2 वॅट शक्तीने लहरी सोडतो. टॉवर 5 किलोमीटरवर असेल आणि उपग्रह 500 किलोमीटरवर, तर अंतर 100 पट वाढते. पण लहरींचा जोर 10 हजार पट घटतो. फोनला याहून मोठ्याने ओरडता येत नाही. म्हणून ऐकणाऱ्याचे कान मोठे करावे लागतात.

पूर्वी हे मोठे कान जमिनीवर असत. नारायणगावजवळच्या आर्वी येथे 1971 साली परदेशी दूरध्वनीसाठी उपग्रह केंद्र सुरू झाले, त्याची तबकडी जवळजवळ 30 मीटर व्यासाची होती. आता उलटे करायचे आहे. फोन खिशातला, आणि मोठी अँटेना आकाशात.

अँटेनांची रांग म्हणजे काय?

एवढी मोठी तबकडी रॉकेटमध्ये मावत नाही. म्हणून सपाट फळ्यांवर पुष्कळ छोट्या अँटेना बसवतात. फळ्या घडी घालून वर नेतात आणि तेथे उलगडतात. बोट वाळूवर ओढताना प्रत्येकाने आपल्या मनाने जोर लावला तर बोट हलत नाही. एका हाकेवर सर्वांनी ओढले की सरकते. तसेच येथे आहे. प्रत्येक अँटेनाला आलेली लहर किंचित मागेपुढे करून सर्व लहरी एका तालात मिळवतात. हा ताल बदलला की फळी न हलवता अँटेनेचा रोख हव्या त्या जागी वळतो. खोडद येथील दुर्बिणीत 45 मीटरच्या 30 तबकड्या अशाच एकत्र जोडून काम करतात.

अमेरिकेतील एएसटी स्पेसमोबाईल कंपनीने 2022 साली सुमारे 64 चौरस मीटरच्या अँटेनेचा प्रायोगिक उपग्रह सोडला आणि एप्रिल 2023 मध्ये साध्या फोनवरून त्याद्वारे संभाषण करून दाखविले. याच कंपनीचा सुमारे 6,100 किलो वजनाचा 'ब्लूबर्ड' उपग्रह 24 डिसेंबर 2025 रोजी इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटने श्रीहरिकोटा येथून सोडला. त्याची अँटेना सुमारे 223 चौरस मीटर, म्हणजे 2,400 चौरस फूट आहे.

मात्र असा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. आपल्या डोक्यावर तो काही मिनिटेच राहतो. सेवा अखंड हवी तर एकामागून एक असे अनेक उपग्रह लागतात. शिवाय परवाना आणि लहरींचे वाटप हवे. व्होडाफोन आयडियाने जून 2025 मध्ये या कंपनीशी करार जाहीर केला. पण करार झाला म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे. अमेरिकेत 2025 साली दुसऱ्या एका कंपनीच्या उपग्रहांवरून अशी सेवा सुरू झाली, तीही आधी लेखी संदेशांपासून.

बोटमालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मासेमारी बोटींसाठी सरकारी ट्रान्सपाँडर योजना आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे तिचा आरंभ झाला. 364 कोटी रुपये खर्चून 1 लाख बोटींवर ही यंत्रे बसविण्याची ही योजना असून मालकाला यंत्राची किंमत द्यावी लागत नाही. यंत्र मोबाईलला जोडले की उपग्रहाद्वारे किनाऱ्याशी लेखी संदेशांची देवाणघेवाण होते आणि संकटाची सूचनाही जाते. मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, आखातातून येणारे बंधू कधी प्रेमापोटी थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन घरच्या बोटीसाठी आणतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन भारतात आणणे व वापरणे गुन्हा आहे. विमानतळावर तो जप्त होतो आणि माणूसही अडकतो. दोन वर्षांची कमाई घेऊन घरी येणाऱ्याने ही चूक करू नये, आणि घरच्यांनीही तसा फोन मागवू नये.

तिसरी गोष्ट, मोबाईल दुकानदारांसाठी. हे तंत्र मुळात साध्या फोनसाठीच आहे. तेव्हा 'उपग्रहाला लागणारे' म्हणून कोणी वेगळे कव्हर किंवा अँटेना विकू लागला, तर ग्राहकाला नीट समजावून सांगा. एका खोट्या विक्रीने दुकानाची पत जाते. येथे तर त्या वस्तूच्या भरवशावर माणूस समुद्रात जाणार आहे.

नवे तंत्र येईल तेव्हा त्याचे स्वागत करू. तोपर्यंत बोटीवर लाईफ जॅकेट आणि व्हीएचएफ संच चालू स्थितीत ठेवावा. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक बोटीवरील माणसांना आणि घरच्यांनाही पाठ असावा.