ओहोटीच्या कातळावरील पाठ

किनाऱ्यालगतच्या शाळांतून सागरी जीवसृष्टीचा पाठ पुष्कळदा फळ्यावर देवमासा काढून उरकला जातो. वस्तुतः कोकणात ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ हाच ह्या पाठाचा खरा फळा होय.

प्रथम वेळ ठरवावी. कोणत्याही पक्षातील तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते; तिच्या आधी व नंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार दूर हटते, परंतु ती ओहोटी भल्या पहाटे पडते. अष्टमीची ओहोटी शाळेच्या वेळेशी जुळते खरी, पण तो भांगाचा काळ. खालचा कातळ पुरता उघडतच नाही. म्हणून तृतीयेची सकाळ बरी. भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठला. मुलांना सातला न्यावे व पाणी परतू लागताच वर आणावे; ह्यात कोणतीही सवलत नाही. पावसाळ्यात हा पाठ घेऊच नये.

कातळ वरून खाली पाहत जावा. अगदी वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे भेगांतून बारीक शंख दिसतात. त्याखाली बार्नकल नावाच्या प्राण्याची पांढरी, धारदार, शंकूसारखी घरे, पुढे कालवे, आणि सर्वांत खाली शेवाळ, खेकडे व डबक्यांतील समुद्रपुष्पे. वर्गात मागे राहणारा मच्छीमाराचा मुलगा येथे पुढे येतो. त्याला बोलू द्यावे. नावे त्याला शिक्षकांहून अधिक ठाऊक असतात.

मग मुख्य प्रश्न विचारावा : हे पट्टे का पडतात? वरच्या सीमेचे उत्तर मुले सहज देतात. ओहोटीला बार्नकल आत पाणी धरून दार मिटतो. पण फार वर पाणी क्वचितच पोहोचते व तो सुकून मरतो. खालच्या सीमेचे काय? खाली तर पाणी भरपूर! ह्याचे उत्तर अशाच एका कातळावर, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, जोसेफ कॉनेल ह्या शास्त्रज्ञाने शोधले व १९६१ साली प्रसिद्ध केले. तेथे लहान जातीचे बार्नकल वर व मोठ्या जातीचे खाली असत. त्याने काही जागी मोठे खरवडून काढले, तेव्हा लहान खालीही सुखाने वाढले. म्हणजे त्यांना खाली राहता येत होते. मोठे त्यांना उखडून व चेपून जागा बळकावीत होते. वरची सीमा उन्हाने आखलेली, खालची शेजाऱ्याने. परिसरविज्ञानाचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

अन्नाचा मुद्दा थोडक्यात सांगावा. पेल्यात निर्मळ दिसणाऱ्या समुद्राच्या पाण्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पती व जीव तरंगत असतात; त्यांस प्लवक म्हणतात. भरतीला बार्नकल पिसांसारखे पाय बाहेर काढून तेच गाळून खातो. तारलीही त्यावर जगते, आणि तारलीवर सुरमई.

एका चुकीबद्दल मात्र शिक्षकांनी सावध असावे. मुले उत्साहाने दगड उलथतात व तसेच टाकून धावतात. दगडाखाली राहणाऱ्या नाजूक जीवांना ऊन सोसत नाही. पाणी परत येईपर्यंत ते मरून जातात. उलथलेला दगड होता तसाच हलक्या हाताने ठेवावा. जिवंत प्राणी बाटलीत घालून शाळेत आणू नये. पाणी तापते, त्यातील प्राणवायू संपतो आणि संध्याकाळी दुर्गंधी तेवढी उरते. संग्रहासाठी रिकामे शिंपले पुरेत.

शेवटी सुतळीची हातभर चौकट कातळावर मांडून आतील बार्नकल व कालवे मोजावीत व आकडे तिथीसह वहीत लिहावेत. हीच जागा पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावयाची असल्याने जवळची ठळक खूण टिपून ठेवावी.