त्वचेची निगा : एक शिक्षण

लग्न दोन दिवसांवर आले की घरची माणसे नवरीला घेऊन ब्यूटी पार्लरमध्ये येतात आणि चेहरा उजळून देण्याचा आग्रह धरतात. अशा वेळी काय लावावे हे सांगणे सोपे असते. काय लावू नये हे सांगण्यास मात्र शिक्षण लागते.

महाराष्ट्रातील कित्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हे शिक्षण मिळते. तेथील कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. १९४६ साली स्थापन झालेली सिडेस्को ही आंतरराष्ट्रीय संस्था तर आपल्या पदविकेसाठी १२०० तासांचे शिक्षण आवश्यक मानते.

पहिल्याच दिवशी लेप आणि मालीश शिकवतील, अशी नव्या विद्यार्थिनीची कल्पना असते. प्रत्यक्षात आरंभ होतो तो हात धुण्यापासून. नखे कापलेली असावीत, प्रत्येकीस धुतलेला टॉवेल द्यावा, चिमटे निर्जंतुक करावेत, बरणीतील क्रीम बोटाने न घेता स्वच्छ चमच्याने घ्यावे. हे नियम क्षुल्लक वाटतात खरे. परंतु एका चेहऱ्यावरचा संसर्ग दुसऱ्या चेहऱ्यावर जातो तो याच वाटांनी.

मग त्वचेचा अभ्यास. प्रौढ माणसाच्या अंगावर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर पसरलेली असते. पापणीवर अतिशय पातळ, तर तळपायाशी जाड. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि काही आठवड्यांनी मृत होऊन गळून पडतात. त्याच तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होते. सावळा रंग म्हणजे मळ नव्हे. अतिनील किरणांपासून आतील पेशींना जपणारी ती छत्रीच होय. एवढे समजले म्हणजे 'गोरे करून देतो' या जाहिरातीतील पोकळपणा उघड होतो. काही क्रीममध्ये पारा आढळला आहे, आणि पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. स्टेरॉइड असलेले मलम महिनोन्महिने चोळल्यास त्वचा पातळ होते व ते बंद करताच चेहरा लाल होऊन पुरळ उठते.

म्हणून नवे द्रव्य आधी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी लागते. रंग वा आकार बदलणारा तीळ, किंवा स्पर्श न कळणारा फिकट चट्टा दिसला, तर तेथे लेपाचे काम नाही. असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. वेळीच उपचार झाल्यास तो रोग पूर्ण बरा होतो. तिला डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तेही चारचौघांत न बोलता.

दोन दिवसांवर लग्न असलेल्या त्या नवरीचा चेहरा शिकलेली मुलगी हळुवार स्वच्छ करून देते. नवे काहीच लावत नाही. घरची मंडळी किंचित नाराज होतात. पैसेही त्या दिवशी कमीच मिळतात.