कावळ्याची ओळख

मुलांनो, कावळा पाहिला नाही असे तुमच्या वर्गात कोणीही नसेल. परंतु पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे. हा भेद मला माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकविला.

वाशीम जिल्ह्यातील एका लहान गावी मी मुख्याध्यापक होतो. सातवीच्या वर्गात विशेषणे शिकविताना मी फळ्यावर लिहिले, 'कावळा संपूर्ण काळा असतो.' मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो सकाळी गुरे चारून मग शाळेत येत असे. तो भीत भीत म्हणाला, "गुरुजी, आमच्या कोठ्यावरच्या कावळ्याची मान त राखोंडीवानी दिसते." वर्गात हशा पिकला. मलाही क्षणभर राग आला. पण मी मुलांना घेऊन बाहेर अंगणात गेलो. कडुनिंबावर एक कावळा बसला होता. त्याची मान व छाती खरोखरच राखेच्या रंगाची होती! इतकी वर्षे मी कावळा रोज पाहत होतो आणि तरीही तो मला दिसला नव्हता. वर्गात परत येऊन मी 'संपूर्ण' हा शब्द स्वतःच्या हाताने पुसला.

त्याच सायंकाळी त्या मुलाने मला नाल्याकाठच्या बाभळीवर दुसरा एक कावळा दाखविला. तो मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत काळाभोर होता. म्हणजे आपण ज्यांना सरसकट 'कावळा' म्हणतो, ते दोन निराळे पक्षी आहेत.

राखी मानेचा तो गावकावळा. त्याची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. कपाळ, माथा, गळा, पंख व शेपटी काळी आणि मान व छाती राखी, ही त्याची खूण. तो माणसांच्या वस्तीजवळच राहतो. दुसरा डोमकावळा. तो थोडा मोठा, सुमारे ४८ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा रंग सर्वांगी चकचकीत काळा व चोच जाड आणि भक्कम असते. त्याचा आवाज अधिक खोल व घोगरा असतो. तो रानात, शेतशिवारात व खेड्यांच्या आसपास आढळतो. दोन्ही जातींत नर व मादी दिसण्यात सारखेच असतात.

इंग्रजी गोष्टींत तुम्हांला 'रूक' नावाचा आणखी एक कावळा भेटेल. पूर्ण वाढलेल्या रूकच्या चोचीच्या मुळाशी पिसे नसतात. तेथील कातडी पांढुरकी दिसते. मांड्यांवरची पिसे सैल असल्यामुळे त्याने विजार घातली आहे की काय, असे वाटते. तो शेतात चालत चालत मातीत चोच खुपसून किडे शोधतो आणि उंच झाडांवर अनेक जोडपी मिळून घरट्यांची वसाहत करतात. रूक युरोप व आशियाच्या थंड प्रदेशांत राहतो. हिवाळ्यात काही रूक काश्मीर व पंजाबकडे उतरतात, पण आपल्या वऱ्हाडात तो आढळत नाही. गंमत अशी, की रूकच्या पिलाच्या चोचीभोवती मात्र पिसे असतात. त्यामुळे ते साध्या काळ्या कावळ्यासारखेच दिसते. यावरून ध्यानात ठेवा, की एकाच खुणेवर विसंबून पक्ष्याचे नाव ठरवू नये. रंग, चोच, आवाज, चाल व ठिकाण या सर्वांचा एकत्र विचार करावा.

ऐकीव गोष्टींचेही तसेच आहे. कावळ्याला एकच बुबुळ असून ते दोन्ही डोळ्यांत फिरते, अशी जुनी समजूत आहे. संस्कृतातील 'काकाक्षिगोलकन्याय' हा शब्दप्रयोग तिच्यावरूनच निघाला. प्रत्यक्षात कावळ्याला दोन चांगले डोळे असतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे एखादी वस्तू न्याहाळताना तो मान तिरपी करून एक डोळा तिच्याकडे वळवितो. कोणीतरी तेवढेच पाहिले असावे आणि उरलेले कल्पनेने पुरे केले असावे.

गावकावळा उन्हाळ्याच्या अखेरीस काटक्यांचे घरटे बांधतो. कधी त्यात तारांचे तुकडेही असतात. त्याच घरट्यात कोकिळा गुपचूप आपले अंडे घालते आणि इतरांना लुबाडणारा हा धूर्त पक्षी परक्याचे पिलू आपले समजून वाढवितो. ही फसवणूक तुम्हांला दुरूनही पाहता येईल. घरट्याशी मात्र जाऊ नका. पिलांच्या रक्षणासाठी कावळे माणसाच्या डोक्यावरही झडप घालतात. शिवाय दगड मारून किंवा घरटे मोडून कोणत्याही पक्ष्याची ओळख होत नाही.

निरीक्षणाला एक वही पुरे. तारीख, वेळ व ठिकाण लिहा. पक्ष्याची मान कशी, चोच कशी, आवाज कसा, तो काय करीत होता, हे लिहा. दिसले ते एका पानावर व ऐकले ते दुसऱ्या पानावर असू द्या. पितृपक्षात घरोघरी कावळ्यासाठी घास ठेवतात. वडीलधारी माणसे त्याची वाट पाहत उभी असतात. त्या वेळी तुम्हीही शेजारी उभे राहा आणि घास उचलावयास आलेला पाहुणा गावकावळा आहे की डोमकावळा, हे त्यांना सांगा. तुमचे गुरुजी काही निराळे सांगत असतील, तर त्यांनाही नम्रपणे बाहेर बोलावून तो पक्षी दाखवा.

स्वाध्याय

१. लेखकाने फळ्यावरचा कोणता शब्द पुसला? का?
२. गावकावळा व डोमकावळा यांतील तीन फरक लिहा.
३. रूकच्या पिलाच्या उदाहरणावरून लेखक काय सुचवितो?
४. 'पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवावरून स्पष्ट करा.
५. आठवडाभर आपल्या परिसरातील कावळ्यांचे निरीक्षण करून त्याची नोंद वहीत करा.