मुखपृष्ठावरील चित्र का दिसत नाही?

संकेतस्थळाचे मुखपृष्ठ हे संस्थेचे प्रवेशद्वार होय. प्रवेशाची चौकशी करणारे पालक आणि परगावी स्थायिक झालेले माजी विद्यार्थी प्रथम तेथील छायाचित्र पाहतात. त्या जागी रिकामी चौकट दिसली, तर संस्थेविषयीच शंका मनात येते. म्हणून हा दोष कसा शोधावा, हे संगणक शिक्षकांप्रमाणेच आपण सर्वांनी समजून घेणे हिताचे आहे.

वेबपृष्ठात चित्र चिकटवलेले नसते. पृष्ठ म्हणजे मजकूर. त्यात चित्राचा केवळ पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर आधी मजकूर आणतो आणि मग त्या पत्त्यावर स्वतंत्र मागणी पाठवून चित्र मिळवतो. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘मोझॅक’ या ब्राउझरने मजकुरामध्येच चित्र दाखवण्याची पद्धत लोकप्रिय केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून चित्र हळूहळू उमटत असे. आज वेग वाढला; तत्त्व मात्र तेच आहे.

तपासणी क्रमाने करावी.

पहिली पायरी : तेच पान दुसऱ्या फोनवर उघडून पाहावे. तेथे चित्र दिसत असेल, तर दोष बहुधा आपल्याच ब्राउझरमध्ये असतो. वेळ वाचवण्यासाठी ब्राउझर जुनी प्रत साठवून ठेवतो. विंडोज संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ या कळा एकत्र दाबल्यास पान नव्याने मागवले जाते.

दुसरी पायरी : चित्र कोठेच दिसत नसेल, तर रिकाम्या चौकटीवर माउसची उजवी कळ दाबून ते स्वतंत्र टॅबमध्ये उघडावे. ४०४ हा अंक आला, तर त्या पत्त्यावर फाइल नाही असे समजावे. पुष्कळ सर्व्हर इंग्रजीतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे भिन्न मानतात. विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे कार्यालयातील संगणकावर दिसणारे चित्र सर्व्हरवर सापडत नाही. ४०३ आला, तर ती फाइल पाहण्याची परवानगी नाही. चित्र स्वतंत्र उघडते पण पानावर दिसत नाही, अशा वेळी पत्त्याचा आरंभ पाहावा. पान ‘एचटीटीपीएस’ने आणि चित्र ‘एचटीटीपी’ने सुरू होत असेल, तर ब्राउझर असुरक्षित म्हणून ते अडवू शकतो.

तिसरी पायरी : फाइल तपासावी. आयफोनवर काढलेली छायाचित्रे बहुधा ‘एचईआयसी’ या प्रकारात साठतात आणि अनेक ब्राउझर ती दाखवत नाहीत. ती ‘जेपीईजी’ प्रकारात रूपांतरित करावीत. आकारही महत्त्वाचा. ५ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ४० मेगाबिट. सेकंदाला १ मेगाबिट वेग असल्यास त्यास ४० सेकंद लागतात. तेच २०० किलोबाइट केले, तर दोन सेकंदांहून कमी वेळ पुरतो. पनवेल शहरात हा फरक जाणवणार नाही. परंतु सुधागड वा कर्जतच्या डोंगराळ वाडीत, क्षीण नेटवर्कवर पान उघडणाऱ्या पालकाला तो निश्चित जाणवेल. ज्याच्यासाठी पान आहे, त्यालाच ते दिसू नये, हा तांत्रिक दोषाहून मोठा दोष होय.

चौथी पायरी : प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. चित्र न आल्यास तो त्या जागी दिसतो आणि दृष्टिहीन व्यक्तीला स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. केवळ ‘फोटो १’ असे न लिहिता ‘वसतिगृहाच्या अंगणात वृक्षारोपण करणारे विद्यार्थी’ असे अर्थपूर्ण लिहावे.

या स्मरणिकेतील छायाचित्र एकदा छापले की सर्वांना सारखेच दिसते. वेबपृष्ठावरील चित्र मात्र प्रत्येक वाचकाच्या पडद्यावर नव्याने जुळवले जाते. म्हणून आपल्या संगणकावर दिसले एवढ्यावर समाधान न मानता, सर्वांत साध्या फोनवर आणि सर्वांत मंद नेटवर्कवर ते पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी.