आधी गरम इंजिन सरळ कर

परभणी, डिसेंबर

चि. भाच्यास,


तू पाठवलेला व्हिडिओ बघितला, त्यापेक्षा ऐकला जास्त. सेल्फ मारला की इंजिन लगेच उचलतं, रेस सर्रकन वर जाते, मग खाली येऊन दोन-तीन धापा टाकतं आणि बंद पडतं. तुमची टीम लॅपटॉपवर रोज स्टार्टिंगचं पेट्रोल वाढवते आहे, असं तू लिहिलंस. ते आज थांबवा. जे बिघाड स्टार्ट करताना दिसतात त्यातले बरेचसे गरम इंजिनाच्या आयडलिंगमध्येच दडलेले असतात, आणि वरून पेट्रोल ओतून ते झाकले जातात, मिटत नाहीत.

रेस वर का जाते ते आधी समजून घे. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तुमच्या गाडीत हवेची वाट ठरलेली आहे: आधी थ्रॉटल, मग 20 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, मग प्लेनम आणि शेवटी इंजिन. म्हणजे थ्रॉटल बंद असलं तरी त्याच्या पुढे डबाभर हवा उभी असते, बाहेरच्याच दाबाची. पहिल्या काही फेऱ्यांना सिलिंडरला ती फुकट मिळते, रेस चढते. मग प्लेनममधला दाब पडतो, हवा आटते. तुम्ही वाढवलेलं पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण जाड होतं आणि इंजिन गुदमरतं. पडणारी रेस बघून पेट्रोल कमी पडलं असं वाटतं, पण तुमच्या बाबतीत मला ते जास्त झालेलं दिसतं. सुरू झाल्यानंतरचं जादा पेट्रोल लवकर उतरायला हवं, आणि ते किती लवकर हे प्लेनमच्या आकारावर ठरतं. कंपनीच्या मोटारसायकलचे आकडे इथे चालत नाहीत.

पण आकड्यांना हात लावण्याआधी पान्याचं काम संपवा. थ्रॉटलपासून हेडपर्यंतचा प्रत्येक जोड तपासा. प्लेनम तुम्ही स्वतः बनवला आहे, म्हणजे चिकटवलेल्या कडा, सेन्सरची भोकं आणि रबरी नळ्या या सगळ्यांवर संशय घ्यायचा. इंजिन बंद ठेवून आत अगदी हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. पंक्चरवाला जसा बुडबुडा शोधतो तसं टक लावून बघा. मग गरम इंजिन चालू असताना हवेच्या तोंडावर सपाट पत्रा धरा. हात धरू नका. इंजिन तत्काळ बंद पडलं पाहिजे. रेंगाळत चालत राहिलं तर कुठून तरी चोरटी हवा जाते आहे, आणि ती जात असेपर्यंत पेट्रोलचा कोणताही नकाशा खरा ठरणार नाही. टॅपेटचं क्लिअरन्स, अर्थिंग, पेट्रोलचा दाब हेही त्याच दिवशी बघून घ्या. टायमिंग लाइट लावून लॅपटॉपवरचे अंश आणि फ्लायव्हीलवरची खूण जुळतात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मग इंजिन पूर्ण गरम करा. ऑटोमॅटिक दुरुस्त्या सगळ्या बंद. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने हवा इतकी द्या की कुणाच्याही मदतीशिवाय इंजिन उभं राहील. तुमच्या 390 मोटारसायकलच्या इंजिनाला सिलिंडर एकच, बोअर 89 मिलिमीटर, वर तुम्ही जास्त ओव्हरलॅपचा कॅम घातलात. कंपनीच्या आयडलला ते शांत बसावं हा हट्ट सोडा. दोन-तीनशे आरपीएम जास्त ठेवल्याने कुणाचं नुकसान होत नाही, फक्त आवाजाच्या चाचणीत आयडलला 103 डेसिबलची मर्यादा आहे तेवढी सांभाळा.

सायलेन्सरमधल्या लॅम्ब्डा सेन्सरच्या आकड्यावर इथे डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ओव्हरलॅप जास्त असला की आयडलला जळालेला धूर परत आत ओढला जातो, एखादा फटका चुकतो आणि हवा न जळताच सायलेन्सरमध्ये निसटते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, त्याला मिश्रण पातळ दिसतं. तुम्ही पेट्रोल वाढवता, इंजिन आणखी मिसिंग मारतं, सेन्सर आणखी पातळ दाखवतो. हे चक्र तोडायचं तर प्लग काढून बघा. त्याच्या नाकावर कोरडी काजळी आणि पेट्रोलचा वास असेल तर स्क्रीन काहीही म्हणो, मिश्रण जाड आहे. आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याचं हवेशी संतुलित प्रमाण 14.7 नाही, साडेतेराच्या आसपास आहे. म्हणून टीममध्ये सगळ्यांनी लॅम्ब्डाच्या भाषेत बोला.

रेस स्थिर ठेवायला स्पार्क वापरा. हवा प्लेनममधून येता येता उशीर करते, स्पार्कचा परिणाम पुढच्याच फटक्याला दिसतो. रेस पडली की टायमिंग थोडं पुढे, चढली की थोडं मागे. सेल्फ फिरत असताना मात्र टायमिंग कमीच ठेवा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टरचा वन-वे क्लच जातो.

इंजेक्टर मोठा घातला आहे, तर त्याच्या उघडायला लागणाऱ्या वेळेचा तक्ता व्होल्टेजप्रमाणे खरा भरा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टवर येते, तेव्हा इंजेक्टर उशिरा उघडतो. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज चौदाच्या जवळ गेलं, की तोच इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडू लागतो. हा तक्ता चुकीचा असेल तर बॅटरी नवी असताना गाडी एक वागेल आणि दमली की दुसरं.

थंड इंजिनाचं काम सगळ्यात शेवटी. इथे परभणीत डिसेंबरमध्ये पारा कधीकधी चार-पाच अंशांवर येतो, मे महिन्यात त्रेचाळीसच्या पुढे जातो. त्यामुळे गाडी सकाळी उचलत नाही आणि दुपारी ठणठणीत, ही तक्रार आमच्या रोजच्या ओळखीची. इथेनॉल उडायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता खातं, म्हणून थंडीत ही अडचण वाढते. खरा थंड स्टार्ट दिवसातून एकच मिळतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी, एक बदल, एक सेल्फ, आणि वहीत नोंद. दुपारी तासभर थांबून घेतलेली चाचणी त्यात धरू नका.

आणि खरं सांगायचं तर जानेवारीत कोइम्बतूरला कारीच्या ट्रॅकवरच्या स्पर्धेत तुमचा घात सकाळचा स्टार्ट करणार नाही. 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये मध्येच ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद करावं लागतं, आणि बदलाला तीन मिनिटं असतात. तेवढ्यात इंजिनची धग प्लेनमला आणि पेट्रोलच्या नळीला लागते. हवेचा सेन्सर तापतो, कंट्रोलरला हवा आहे त्यापेक्षा विरळ वाटते, तो पेट्रोल कापतो, आणि त्याच वेळी नळीत वाफ धरलेली असते. दिवसभर चाललेली गाडी तिथे उचलत नाही. तेव्हा रोज वीस मिनिटं जोरात चालवा, तीन मिनिटं बंद ठेवा, पुन्हा सेल्फ मारा. सेन्सर धातूपासून दूर प्लास्टिकच्या बुचात बसवा आणि गरम स्टार्टला पेट्रोलची वेगळी दुरुस्ती लिहा. तुमचं पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे, कोइम्बतूर त्याहून खाली. थ्रॉटलच्या कोनावर पेट्रोल ठरवत असाल तर हवेच्या दाबाची दुरुस्ती चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बघ.

पुढच्या वेळी नुसता व्हिडिओ नको. लॉग पाठव, त्यात बॅटरीचं व्होल्टेज, प्लेनमचा दाब आणि हवेचं व इंजिनाचं अशी दोन्ही तापमानं असू देत, सोबत काढलेल्या प्लगचा उजेडात घेतलेला फोटो. आणि हे सगळं शेडचं शटर पूर्ण उघडून करा, थंडी असली तरी. बंद खोलीतला धूर कळायच्या आत माणसाला घेरतो.

तुझा,
मामा