विसंगत विचारांची अस्वस्थता

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांची नोंद जमुना प्रसाद या अभ्यासकांनी करून ठेवली आहे. ज्या भागात धक्के जाणवले, परंतु पडझड मात्र झाली नाही, तेथील लोक याहून भीषण संकटे येणार असल्याचे एकमेकांना सांगत होते. सुखरूप वाचलेल्यांनी धीर देणाऱ्या वार्ता सोडून भय वाढविणाऱ्या वार्तांवर विश्वास का ठेवावा? आम्ही इतिहासाचे विद्यार्थी अफवा खोटी ठरवून पुढे जातो. तिच्यामागील गरज क्वचितच शोधतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी ती शोधली. मनात भीती होती, परंतु भिण्याजोगे समोर काहीच नव्हते. या दोहोंचा मेळ बसेना. अफवेने भीतीला कारण पुरविले. याउलट, दार्जिलिंगच्या दरडींचा विध्वंस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, त्यांच्यात भावी संकटांच्या अशा अफवा आढळल्या नाहीत. त्यांच्या भीतीचे कारण डोळ्यांसमोरच होते.

१९५७ साली फेस्टिंगर यांनी ‘बोधात्मक विसंवादा’चा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात एकत्र नांदू लागल्या की अस्वस्थता निर्माण होते आणि भूक भागवावी तशी माणूस ती शमवू पाहतो. तंबाखू घातक आहे हे जाणणारा मनुष्य एक तर ती सोडतो, नाही तर ‘आमच्या आजोबांनी तंबाखू खाऊनच नव्वदी गाठली’ असा दाखला शोधतो. दुसरा मार्ग सोपा; म्हणून त्यावर गर्दी अधिक!

पालकांनी व आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावा असा एक प्रयोग ॲरन्सन व कार्लस्मिथ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. लहान मुलांना त्यांच्या आवडीच्या खेळण्याला हात लावण्यास मनाई केली. कधी सौम्य शब्दांत, तर कधी कडक धमकी देऊन. मुले एकटी असतानाही त्या खेळण्याशी खेळली नाहीत. नंतर पाहिले असता, सौम्य मनाईनंतर कित्येकांना ते खेळणे पूर्वीइतके आवडेनासे झाले होते. कडक धमकीनंतर मात्र एकाही मुलाची आवड घटली नव्हती. धमकीने न खेळण्याचे पुरेसे कारण बाहेरूनच दिले होते. सौम्य मनाईत ते मुलाला स्वतःच्याच मनात शोधावे लागले.

वसतिगृहात छडीच्या धाकाने पहाटे उठणारा विद्यार्थी सुटीत घरी आल्यावर केव्हा उठतो, हे पालकांनीच सांगावे.