दुबार पेरणीआधी

नीट परीक्षेचा निकाल लागला की महिनाभर माझा फोन वाजत राहतो. कधी आतेभावाचा, कधी शाळेतल्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा. सुरुवात ठरलेली, "ताई, एक विचारायचं होतं. रिपीट करू का?" मागून आई किंवा वडील दबक्या आवाजात काहीतरी सुचवत असतात, तेही ऐकू येतं. लातूरला रिपीटर म्हणून मी एक वर्ष काढलंय, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. फोनवर तुटक तुटक जे सांगते ते एकदा सलग सांगावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझं काय झालं ते. २०२३ साली बारावीबरोबर दिलेल्या परीक्षेत मला ७२० पैकी साडेपाचशेच्या वर गुण होते. सरकारी एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली. खासगी मेडिकलची फी परभणीकडच्या आमच्या कोरडवाहू शेतीला झेपणारी नव्हती. बीएएमएस, फिजिओथेरपी यांच्या जागा मिळत होत्या. पण गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "एवढ्या जवळ आलीस, एका वर्षानं काय बिघडतंय?" माझे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले, "तुझ्या मनानं कर बाई. पैशाचं मी बघतो." मी क्लाससाठी लातूर गाठलं.

वर्ष मी मन लावून केलं. खोली, क्लास, खानावळ आणि अभ्यासिका यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तकं इतकी घोकली की कुठली आकृती पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळे मिटून सांगता येई. रिपीटरचं बळ यातच असतं, की जे इतर जण पहिल्यांदा वाचतात ते आपलं दोनदा-तीनदा झालेलं असतं. आणि नोव्हेंबरात सुधारित अभ्यासक्रम जाहीर झाला. पचन व शोषण, वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, रसायनशास्त्रातली घन अवस्था, पृष्ठरसायन, बहुलके असे कितीतरी धडे त्यातून वगळले गेले. वर्गात आनंद झाला. मला मात्र कळेना की हसावं की रडावं, कारण यातले बरेचसे धडे माझे पाठ होते. ओझं सगळ्यांचंच हलकं झालं, पण आधी केलेल्या अभ्यासाचा आमचा फायदा त्यातच विरून गेला.

५ मे २०२४ ला परीक्षा झाली. पेपर सोपा गेला. ४ जूनला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच निकाल लागला आणि माझे गुण सहाशेच्या पुढे गेले होते. पन्नासाच्या आसपास गुण वाढले म्हणून घरात पेढे आले. मग मी रँक बघितली. ती आदल्या वर्षीपेक्षा मागे गेली होती.

हे कसं झालं ते प्रत्येक रिपीटरनं समजून घ्यावं, कारण माझ्या सांगण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. ६५० गुणांना २०२३ मध्ये देशात साधारण सात हजारांच्या आसपासची रँक मिळत होती. तेच ६५० गुण २०२४ मध्ये तीस हजारांच्या घरात गेले. त्या वर्षी परीक्षेला बसलेली मुलं २० लाखांवरून २३ लाखांवर गेली होती, अभ्यासक्रम कमी झाला होता, पेपर सोपा होता. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. पुढे पेपरफुटीचं प्रकरण, वाढीव गुण दिलेल्या १,५६३ जणांसाठी फेरपरीक्षा, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं सुधारलेलं उत्तर, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी, हे सगळं होऊन सुधारित निकाल यायला जुलैची अखेर उजाडली. तोवर लाखो घरं टांगणीला लागली होती. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. खुल्या गटाच्या पात्रतेचे गुण पाहा, २०२३ ला १३७, २०२४ ला १६२, २०२५ ला १४४. म्हणजे गुण वाढवणं काही अंशी आपल्या हातात आहे, पण त्या गुणांची किंमत ठरवणं आपल्या हातात नाही. जागा मिळते ती रँकवर. "मला फक्त तीस गुण कमी पडले" हा हिशोब गेल्या वर्षीच्या पेपरचा असतो, आणि तो पेपर पुन्हा येत नाही.

पात्र ठरणं आणि जागा मिळणं यातही गल्लत होते. २०२४ मध्ये तेरा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सुमारे निम्म्या सरकारी. पुन्हा परीक्षा द्यायची तर आपण या आकड्यांत कुठे उभे आहोत ते आधी पाहा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यात आपल्या प्रवर्गाची शेवटची रँक गेल्या तीन वर्षांत कुठे थांबली, ते सीईटी कक्षाच्या निवड याद्यांतून कागदावर उतरवा. एका वर्षाच्या यादीवर विसंबू नका.

मग पुन्हा बसूच नये का? बसावं, पण कारण बघून. आमच्याकडे पहिल्या पावसावर पेरलेलं उगवलं नाही तर जाणता शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. तो आधी तास उकरून बघतो. बी कुजलं, की ओल कमी पडली, की बियाणंच बोगस होतं? हातात बियाण्याचे पैसे आणि हंगामाचे दिवस किती उरले? मगच दुबार पेरणीचं ठरतं. आपण मात्र निकालाच्या रात्रीच ठरवून मोकळे होतो.

उकरून बघायचं ते असं. तुमच्या उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरसूची परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर मिळते. ती उतरवून घ्या, प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा आणि गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा. येतच नव्हता, येत होता पण चुकला, की अंदाजानं ठोकला. बरोबर उत्तराला चार आणि चुकलेल्याला उणे एक, म्हणजे येणारा प्रश्न चुकला की पाच गुणांचा फरक पडतो हे ध्यानात ठेवा.

मागच्या वर्षी आतेभावाबरोबर मी हे बसून केलं. जीवशास्त्राची पानं जवळपास स्वच्छ होती. भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत मात्र "येतच नव्हता"च्या खुणाच खुणा, आणि त्या बहुतेक घूर्णन गती, कार्य-ऊर्जा आणि उष्मागतिकीतल्या. म्हणजे सगळी अकरावी. विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, अकरावीत आमच्या कॉलेजात फिजिक्सला सरच नव्हते." हे दुखणं एका वर्षात बरं होण्यासारखं आहे. अशा मुलानं रिपीट करावं, असं मी त्याच्या आईला, म्हणजे आमच्या आत्याला, स्पष्ट सांगितलं.

त्याच आठवड्यात दुसरी एक मुलगी आली. तिच्या खुणा सगळ्या "येत होता पण चुकला"च्या, आणि तिन्ही विषयांत विखुरलेल्या. तिचं म्हणणं, सिली मिस्टेक्स गेल्या की साठ गुण वाढतील. मी तिला जुन्या टेस्ट काढायला लावल्या. प्रत्येक टेस्टमध्ये तेवढ्याच चुका होत्या. ती चूक त्या एका दिवसाची नव्हती, घड्याळ बघून लिहिण्याच्या सवयीची होती. तेच धडे तेच सर पुन्हा शिकवणार, त्यानं ती सवय जात नाही. वेळ लावून पेपर सोडवणं आणि प्रत्येक पेपरनंतर चुकांची वही लिहिणं, यानंच ती जाते. त्यासाठी पूर्ण फीची बॅच लागत नाही. चांगली टेस्ट सिरीज पुरते, आणि हाती असलेल्या जागेवर प्रवेश घेऊनही ती करता येते का, याचा विचार आधी व्हावा.

आता घाईबद्दल. जूनमध्ये रिपीटर बॅचच्या जाहिराती सुरू होतात, फीमध्ये सवलतीची तारीख परवाची असते. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र त्यानंतर सुरू होतात आणि पुढे महिनोन्महिने चालतात. सगळ्या फेऱ्या होईपर्यंत अर्ज मागे घेऊ नका. नोंदणी करा, पसंतिक्रम भरा, बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी यांचाही विचार करून भरा. तोवर घरी अभ्यास चालू ठेवला तर काही बुडत नाही. घेतलेली जागा कुठल्या फेरीनंतर सोडली तर फी परत मिळत नाही किंवा पुढच्या प्रवेशात अडचण येते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते ओळीवर बोट ठेवून वाचा. क्लासच्या काउंटरवर मिळालेल्या माहितीवर भरवसा ठेवू नका.

खर्चाचा हिशोब घरात उघड मांडा. क्लासची फी दिसते, पण खोलीभाडं, खानावळ, अभ्यासिका, पुस्तकं आणि येण्या-जाण्याचा खर्च मिळून तो आकडा सहज लाखाच्या घरात जातो. माझ्या वर्षासाठी अण्णांनी सोयाबीन भाव नसताना विकलं, हे मला फार उशिरा कळलं. मुलांपासून हे लपवू नका, आणि मुलांवर ते सारखं बोलूनही दाखवू नका. एकदा सगळ्यांनी मिळून बसून आकडा लिहा, इतकं पुरे.

मनाचं तर त्याहून महत्त्वाचं. रिपीटरचं वर्ष एकट्याचं असतं. बरोबरचे कॉलेजात जाऊन फोटो टाकतात, आणि आपण तोच धडा पुन्हा उघडून बसतो. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी दिवाळीनंतर जेवायची थांबली. खानावळीच्या काकूंनी ते हेरलं आणि तिच्या घरी फोन केला, म्हणून ती वेळेवर घरी गेली. पालकांनी आठवड्याच्या टेस्टचे गुण विचारण्याआधी झोप आणि जेवण विचारावं. भूक, झोप, बोलणं यात फरक दिसला तर वाट बघत बसू नये, मदत घ्यावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. परीक्षा पुढच्या वर्षीही होईल.

दुसऱ्यांदा रिपीट करायचं म्हणणाऱ्यांना मी शक्यतो नाही म्हणते. नीट परीक्षेला किती वेळा बसावं याला मर्यादा नाही, २०२२ पासून वयाची वरची अटही उरलेली नाही. त्यामुळे थांबायचं कुठे हे कुणीच सांगत नाही, ते घरातच ठरवावं लागतं. पहिल्या रिपीटमध्ये नेमकी कुठली उणीव भरायची हे ठरवून ती भरली, तरीही रँक हलली नसेल, तर तेच पुन्हा करून ती हलण्याची आशा धरू नये.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं आहे. जेईई मेन वर्षातून दोनदा होते आणि त्यातला चांगला गुणांक धरतात, म्हणजे दुसरी संधी त्याच वर्षात मिळून जाते. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते, आणि आयआयटीची जागा एकदा स्वीकारली की पुन्हा ॲडव्हान्स्ड देता येत नाही. शाखा बदलावी म्हणून वर्ष गाळण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

मी २०२४ मध्ये फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. खुब्याचं हाड मोडलेल्या माझ्या आजीला पुन्हा अंगणापर्यंत चालवत नेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई मी जवळून पाहिल्या होत्या. आज मी साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम आवडीनं करते आहे. पण हीच जागा आदल्या वर्षीही मिळत होती. तेव्हा माझ्या घरात, क्लासमध्ये, गावात कुणीही एक प्रश्न विचारला नव्हता. तो मी आता प्रत्येक फोनवर विचारते.

प्रश्न असा आहे, "वर्षभर मनापासून अभ्यास केला आणि पुढच्या जूनमध्ये रँक हीच आली, किंवा मागे गेली, तर तू काय घेणार?" उत्तर आई-वडिलांसमोर, कोर्सचं नाव घेऊन द्यायचं, आणि त्यांना ते मान्य आहे हे त्यांनीही तिथेच सांगायचं. असं उत्तर ज्यांच्याकडे आहे आणि उत्तरपत्रिकेतली उणीव ज्यांना बोट ठेवून दाखवता येते, त्यांनी खुशाल रिपीट करावं, जीव ओतून करावं. आणि "तसं होणारच नाही" एवढंच उत्तर असेल, तर या वर्षी मिळते आहे ती जागा घ्यावी.